ऐकणाऱ्यांची हजेरी

आम्ही दोघी बहिणी. थोरली सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, बी.एड. आहे, हा लेख तिच्या हातचा. धाकटी लग्नानंतर पुण्याला गेली. पण कव्वालीचा विषय निघाला की आम्ही वेगळ्या उरत नाही, म्हणून या लेखात 'मी' नाही, 'आम्ही' आहोत.

एकमत मात्र आमच्यात क्वचितच होते. वाद नेहमी एकाच गोष्टीचा. पार्टी तीच, कव्वाली तीच, पण कोणत्या महफिलीतली चांगली? नुसरत फतेह अली खान यांची 'अल्ला हू' थोरलीला एक आवडते, धाकटीला दुसरी. फोनवर तास-तास हा वाद चालतो आणि दोघींच्या घरची माणसे हसतात. मराठी वाचकालाही तो चमत्कारिक वाटेल. पण भीमसेन जोशींचा एकच अभंग दोन गावांत, दोन श्रोतृवर्गांसमोर ज्याने ऐकला असेल, त्याला आमचे म्हणणे लगेच समजेल.

ध्वनिमुद्रणांची एवढी चिकित्सा आम्ही करतो याचे कारण साधे आहे. प्रत्यक्ष महफिलीत आम्ही कधी नीट बसलोच नाही. आमचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. दरवर्षी जिल्काद महिन्यात ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला ते गुलबर्ग्याला जात. 2014 पासून त्या शहराचे नाव कलबुर्गी झाले आहे, पण आमच्या घरात ते अजून गुलबर्गाच. लहानपणी एक-दोनदा आम्हालाही नेले. तेव्हा आम्ही बायकांच्या गर्दीत, पार मागे होतो. कव्वालाचा चेहरा दिसला नाही. भोंग्यातून येणारा आवाज, पुढून उठणारी 'वाह' आणि रडणारी लेकरे, एवढेच हाती आले. मोठ्या झाल्यावर तेही थांबले. अब्बा जात आणि आमच्यासाठी कॅसेट आणत. काही बाजारातून विकत घेतलेल्या, काही त्यांनी स्वतः टू-इन-वन मांडीवर धरून भरलेल्या. आमची महफिल म्हणजे ती कॅसेट. म्हणून तिच्यात गाणाऱ्याइतकेच ऐकणारेही शोधायची सवय आम्हाला लागली. कोण खोकले, कोण ओरडले, कुठे टाळी पडली, कुठे सगळे गप्प झाले, हे सारे आम्हाला पाठ होते.

कव्वालीची रचना माहीत नसेल तर हा नाद समजणार नाही, म्हणून थोडे सांगतो. पार्टीत आठ-दहा माणसे असतात. मुख्य गायक, त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज, पेटी, तबला, आणि टाळ्या देत ध्रुवपद उचलून धरणारे हमनवा. नुसरत यांच्या पार्टीत पेटीवर त्यांचे धाकटे भाऊ फर्रुख फतेह अली खान, तबल्यावर दिलदार हुसेन आणि दुसऱ्या आवाजाला चुलत भाऊ मुजाहिद मुबारक अली खान असत. आधी नुसत्या वाद्यांचा नगमा, मग आलाप, मग कलाम. प्रथम हम्द, म्हणजे अल्लाची स्तुती. नंतर पैगंबरांची नात, नंतर हजरत अली किंवा वलींची मनकबत. हा क्रम ठरलेला. पण आतला मजकूर ठरलेला नसतो. गायक एका ओळीवर थांबतो, तीच पुन्हा पुन्हा घोळवतो, ही तकरार. मध्येच दुसऱ्याच कवीचा, कधी दुसऱ्याच भाषेतला शेर आणून मूळ ओळीला बांधतो. ही गिरह, म्हणजे गाठ. कोणती ओळ किती वेळा घ्यायची आणि गाठ कुठे मारायची, हे समोर बसलेल्यांचे चेहरे पाहून त्या घटकेला ठरते. रेगुला कुरेशी या विदुषींनी दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन दर्ग्यातील कव्वालीचा बारकाईने अभ्यास केला. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली आहे. श्रोता हलला की गाणे वळते.

शिक्षकाला हे पटायला ग्रंथ लागत नाही. बी.एड.ला पाठटाचण शिकवतात. उद्दिष्टे, प्रस्तावना, विषय विवेचन, मूल्यमापन, सगळे रकाने मिनिटांसह भरायचे. टाचण घेऊन नववी 'अ' मध्ये गेले आणि तेच घेऊन नववी 'ब' मध्ये गेले, तर दोन वेगळे तास होतात. एका वर्गात मीरच्या एका शेरावर अर्धा तास निघून जातो, दुसऱ्या वर्गात पाच मिनिटांत पुढे सरकावे लागते. टाचण एकच, बसलेली मुले वेगळी.

आता आमच्या वादाकडे येतो. थोरलीची 'अल्ला हू' आहे 1985 च्या जुलै महिन्यातली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात मर्सी नावाचे बेट आहे. तिथे पीटर गॅब्रिएल आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेला 'वोमॅड' हा संगीत महोत्सव भरला होता. बहुतेक श्रोते गोरे, तरुण, रॉक संगीतावर वाढलेले. पाश्चात्त्य श्रोत्यांसमोर नुसरत एवढ्या मोठ्या प्रमाणात प्रथमच बसले होते. ही महफिल पुढे 2019 मध्ये अल्बमच्या रूपात आली. तिच्यात चारच रचना आहेत आणि पहिली 'अल्ला हू'. थोरलीचे म्हणणे असे, की इथे गायकाजवळ भाषेचा आधार नव्हता. शेर टाकला तर समजणारे कोणी नाही, गिरह मारली तर गाठ कोणाला दिसणार? मग उरले काय? सूर, लय आणि ते एक नाव. त्या एका नावाची तकरार करत ते श्रोत्यांना इंचाइंचाने जवळ आणतात. आरंभीच्या टाळ्या सभ्यपणाच्या आहेत, शेवटच्या आरोळ्या नाहीत. हा बदल कानांनी ऐकता येतो. थोरली म्हणते, न समजणाऱ्या वर्गाला शिकवून दाखवणे यालाच शिकवणे म्हणतात.

धाकटीला हे मान्य नाही. तिचा कौल बर्मिंगहॅमला. तिथे मोहम्मद अय्यूब यांची 'ओरिएंटल स्टार एजन्सीज' ही कंपनी होती. 1980 च्या दशकात त्यांनी नुसरत यांच्या पार्टीला वारंवार इंग्लंडला बोलावले, सभागृहे घेतली, महफिली भरवल्या आणि त्या मुद्रित करून विकल्या. समोर बसलेले लोक पंजाबी होते. कोणी कारखान्यात राबणारे, कोणी दुकानदार, घर सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेले. त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. पंजाबी गिरह पडली की सभागृह उसळते. माणसे उठून नजराण्याच्या नोटा ठेवायला पुढे येतात आणि गायक तीच ओळ त्यांच्याकडे वळून पुन्हा घेतो. ही 'अल्ला हू' खडबडीत आहे, मुद्रण फार स्वच्छ नाही, पण धाकटी म्हणते, "इथे गाणारा एकटा नाही. सभागृह निम्मी कव्वाली गातेय." माहेर सोडून राहिलेल्या माणसालाच ही महफिल खरी कळते, असेही ती म्हणते. त्यावर थोरलीला उत्तर सुचत नाही.

तिसरी 'अल्ला हू' आहे स्टुडिओत गायलेली. स्वच्छ, आटोपशीर, प्रत्येक स्वर मोत्यासारखा. मित्रमंडळींना प्रथम ऐकवायला आम्ही हीच देतो. पण आमच्या वादात ती येत नाही. तिथे उत्तर द्यायला समोर कोणी नाही.

यालाही एक अपवाद आम्हाला मान्य करावा लागला. 1990 मध्ये गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत या पार्टीने चार रचना गायल्या होत्या. त्या टेप संग्रहात पडून राहिल्या आणि 2024 मध्ये 'चेन ऑफ लाइट' या नावाने बाहेर आल्या. नुसरत 1997 च्या ऑगस्टमध्ये लंडनला वारले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सत्तावीस वर्षांनी त्यांचे नवे गाणे ऐकायला मिळणे म्हणजे आमच्यासाठी ईदच. तिथेही श्रोते नाहीत, पण पार्टी स्वतःच स्वतःला ऐकते आहे. एकाने घेतलेली जागा दुसरा ओळखतो आणि उचलतो. हमनवा हेच तिथले श्रोते. या एका अल्बमवर आम्हा दोघींचे एकमत झाले आणि घरच्यांना आश्चर्य वाटले.

पॅरिसच्या 'तेआत्र द ला व्हिल' नाट्यगृहात 1985 आणि 1988 मध्ये झालेल्या मैफलीही आमच्याकडे आहेत, 'ओकोरा' या फ्रेंच संस्थेने काढलेल्या. तिथले श्रोते खुर्च्यांत शांत बसलेले. मध्ये दाद नाही, रचना संपली की दीर्घ टाळ्या. धाकटी याला 'परीक्षा हॉल' म्हणते. थोरलीला मात्र त्या शांततेमुळे आलाप आणि सरगम नीट उकलून ऐकता येतात. अभ्यासाला पॅरिस, जिवाला बर्मिंगहॅम, अशी तडजोड आम्ही त्यापुरती केली आहे.

ही खोड आमचीच असेल असे आम्हाला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे वाचनात आले, की अमेरिकेत याच खोडीची हजारो माणसे आहेत. 1965 ते 1995 अशी तीस वर्षे गाजलेला 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक बँड होता. त्यांनी दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले आणि एकाही रात्री आधीच्या रात्रीची नक्कल केली नाही. त्यांचे 'डार्क स्टार' हे गीत 1968 मध्ये तबकडीवर आले तेव्हा तीन मिनिटांपेक्षाही लहान होते. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'लाइव्ह डेड' या अल्बममध्ये ते तेवीस मिनिटांचे झाले. श्रोते आपापली यंत्रे घेऊन येत आणि मुद्रण करत. बँडने त्यांना हाकलले नाही, उलट 1984 मध्ये त्यांच्यासाठी बसायची वेगळी जागा करून दिली. अट एकच, टेप विकायच्या नाहीत, एकमेकांना द्यायच्या. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला कार्यक्रम श्रेष्ठ की दुसरा कुठला, यावर त्यांच्यात अजून वाद चालतो. त्या कॉर्नेलच्या मुद्रणाला अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेव्यात स्थान दिले आहे. त्यांचे गाणे आमचे नव्हे, त्यांची दुनिया आमची नव्हे. पण मांडीवर यंत्र धरून बसलेला तो अमेरिकन तरुण आणि गुलबर्ग्याच्या आवारात बसलेले आमचे अब्बा यांची नियत एकच. आज इथे जे झाले ते उद्या होणार नाही, म्हणून ते जपायचे.

सूफींनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. समा, म्हणजे हे ऐकणे, योग्य व्हायला तीन गोष्टी लागतात, असे जुने वचन आहे आणि ते जुनैद बगदादींच्या नावाने सांगितले जाते. जमान, मकान आणि इख्वान. वेळ, जागा आणि सोबती. यात गाणाऱ्याच्या गळ्याचा उल्लेखही नाही! ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी 1235 मध्ये दिल्लीत समा ऐकता ऐकताच गेले. एका फारसी शेराने त्यांची अशी अवस्था झाली, की कव्वालांना दिवसचे दिवस तोच शेर गात राहावे लागले, अशी आख्यायिका आहे. कव्वाली किती लांबवायची हे तिथे एका श्रोत्याच्या श्वासावर ठरत होते.

वर्गातली मुले हल्ली मोबाइलवर चार मिनिटांची चित्रपटातली कव्वाली ऐकवतात आणि विचारतात, "मिस, इसकी ओरिजिनल कौनसी?" त्यांना वाटते, मागे कुठेतरी एक मूळ प्रत असेल. थोरली सांगते, बाळांनो, कव्वालीची मूळ प्रत नसते. ज्या रात्री जे लोक बसले, त्यांची ती.

आता घरातली गोष्ट. अब्बा 2021 मध्ये गेले. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान आधीच अधू झाले होते. त्यामुळे त्यांची 'वाह' नेहमी इतरांपेक्षा मोठी आणि अर्ध्या क्षणाने उशिरा येई. त्यांच्या कॅसेटचा खोका निघाला तेव्हा अम्मीसमोर आम्ही तिघे भावंडे बसलो. आमचा भाऊ काही वर्षांपासून जमातीत जातो. वाद्यांसह गाणे त्याला जायज वाटत नाही. त्याचा राग करण्याचे कारण नाही. हा मतभेद आजचा नाही. ग्यासुद्दीन तुघलकाच्या काळात खुद्द हजरत निजामुद्दीन औलियांना समाच्या प्रश्नावर उलेमांच्या सभेत उभे राहून उत्तर द्यावे लागले होते. बाजारातल्या कॅसेट ज्याला हव्या त्याने न्याव्यात, यावर भाऊ लगेच तयार झाला. अडले ते अब्बांनी स्वतः भरलेल्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. गुलबर्ग्याच्या एका उरुसाची, बहुधा नव्वदच्या दशकातली. कव्वाल कोणी स्थानिक, नाव लिहिलेले नाही. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते, कॅसेट उलटेपर्यंतची दोन-तीन मिनिटे गळाली आहेत. आणि दुसऱ्या बाजूवर अब्बांचा आवाज आहे. आधी एक मोठी 'वाह'. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी हे कशासाठी भरतोस असे विचारतो, आणि अब्बा सांगतात, "घर में बच्चियां हैं, उनकू सुनाना है."

भाऊ म्हणाला, "आपा, अब्बा की आवाज उतनी निकाल के देओ. बाकी नक्को." म्हणजे गाणे कापून टाकायचे, अब्बा ठेवायचे.

त्याच्या मनात अब्बांविषयी माया होती, हे उघड होते. कयामतीच्या दिवशी अब्बांच्या खात्यावर हा बोजा नको, एवढेच त्याला वाटत होते. पण आम्हा दोघींना ते जमेना. ती 'वाह' कापून वेगळी ठेवली तर काय उरते? एका माणसाचे ओरडणे. ती कशावरची 'वाह' होती हे गेले, तर अब्बा गेले. आणि उलट, 'वाह' पुसून नुसती कव्वाली ठेवली, तर कुठल्याही गावच्या कुठल्याही कव्वालाची एक सामान्य कव्वाली उरते. दोन्ही एकत्र आहेत म्हणून ती आमची. त्या दिवशी आवाज चढले. अम्मी शेवटी एवढेच म्हणाली, की कॅसेट तिच्या कपाटात राहील. भांडायचे असेल तर तिच्यानंतर भांडा.

पुढे थोरलीने तिच्या परवानगीने कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. हेडफोनच्या भोकातून तार काढून, नव्वद मिनिटांची कॅसेट पूर्ण नव्वद मिनिटे चालवून. भावाला हवा होता तेवढा तुकडाही कापून त्याच्या मोबाइलवर पाठवला. अब्बांचा आवाज जसा आमचा, तसा त्याचाही. मूळ कॅसेटला हात लावला नाही.

सहा-सात महिन्यांनी एका रात्री त्याचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "आपा, अब्बा किस बात पे वाह बोले थे?"

थोरलीने गाऊन दाखवले नाही, वाजवूनही दाखवले नाही. वर्गात सांगते तसा शेराचा नुसता अर्थ सांगितला. मागणारा दाराशी आला आहे, हातात रिकामे भांडे आहे, आणि दार उघडल्यावर देणाऱ्याकडे बघता बघता काय मागायला आलो होतो तेच तो विसरला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाऊ म्हणाला, "हां. इसपे बोले होंगे." आणि सलाम करून त्याने फोन ठेवला. त्याचे मत बदललेले नाही. त्याने बदलावे म्हणून ही गोष्ट सांगितलेलीही नाही.

सध्या आम्ही दोघी मिळून एक वही करतो आहोत. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारलेल्या. घरातल्या प्रत्येक महफिलीची त्यात नोंद आहे: तारीख, ठिकाण, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कुठे टेप तुटली. शेवटचा रकाना आहे 'ऐकणारे'. मर्सी बेट: परदेशी तरुण, भाषा न समजणारे, शेवटी उभे राहिलेले. बर्मिंगहॅम: पंजाबी कामगार, नोटा, आरोळ्या. पॅरिस: खुर्च्या, शांतता. कोणती महफिल पहिल्या क्रमांकाची, यावर अजून वाद आहे आणि तो रकाना पेन्सिलीने लिहिलेला आहे.

गुलबर्ग्याच्या कॅसेटसमोर गायकाचा रकाना कोरा ठेवावा लागला. ऐकणाऱ्यांच्या रकान्यात अब्बांचे नाव लिहिले. त्याखाली धाकटीने पुण्याहून आल्यावर तिच्या अक्षरात आणखी दोन नावे घातली, थोरलीचे आणि स्वतःचे. आम्ही तिथे नव्हतो, हे खरे. पण ती महफिल आमच्यासाठी भरून आणली होती, तेव्हा हजेरी लागायला हरकत नसावी. भावाच्या नावापुरती एक ओळ खाली मोकळी आहे.